संगणक मोजताय? आकडा गोल आला तर थांबा

संस्थेच्या नेटवर्कमध्ये किती संगणक आहेत आणि त्यांवर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम आहे, हे तुम्हाला संशोधनासाठी हवंय असं समजा. त्यासाठी खोल्याखोल्यांतून फिरावं लागत नाही. ॲक्टिव्ह डिरेक्टरी असेल, तर डोमेनला जोडलेल्या संगणकांच्या नोंदी तिथेच सापडतात. लिनक्सवरून ‘एलडॅपसर्च’ आणि विंडोजवरून ‘डीएसक्वेरी’ या कमांडने त्या वाचता येतात. अर्थात, आधी सिस्टीम ॲडमिनची परवानगी घ्या.

मी पहिल्यांदा ‘ऑब्जेक्टक्लास=कॉम्प्युटर’ हा फिल्टर लावून एलडॅपसर्च चालवली, आलेलं उत्तर ग्रेपने गाळलं आणि नावं मोजली. बरोब्बर 1000! खूश होऊन तक्ता केला. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, “एकही कमी-जास्त नाही?”

तिथेच चूक कळली. मूळ सेटिंगमध्ये ॲक्टिव्ह डिरेक्टरी एका वेळी 1000च नोंदी देते. उत्तराच्या शेवटी ‘साइझ लिमिट एक्सीडेड’ अशी ओळ होती, पण माझ्या ग्रेपने तीही गाळून टाकली होती! एलडॅपसर्चला पानापानाने उत्तर मागायचा पर्याय आहे, तो वापरा. डीएसक्वेरी तर मुळात 100वरच थांबते. तिथे ‘लिमिट’ला 0 द्या, म्हणजे मर्यादा उठते.

दुसरी गोष्ट, नोंद म्हणजे यंत्र नव्हे. संगणक भंगारात गेला, तरी कोणी पुसेपर्यंत त्याची नोंद राहते. मग चालू कोणते, हे कसं ओळखायचं? ‘लास्टलॉगऑन’ ही वेळ प्रत्येक डोमेन कंट्रोलर आपल्यापुरती ठेवतो, दुसऱ्याला कळवत नाही. ‘लास्टलॉगऑनटाइमस्टॅम्प’ सगळीकडे पोचते, पण मूळ सेटिंगमध्ये ती 14 दिवसांपर्यंत जुनी असू शकते. म्हणून ‘गेल्या आठवड्यात कोणते संगणक चालू होते’ याचं उत्तर तिच्यावरून देऊ नका. ‘गेल्या 90 दिवसांत’ असं विचारलंत तर ती उपयोगी पडते. ही वेळ लांबलचक आकड्यात दिसते, बिचकू नका. 1 जानेवारी 1601 पासून 100-100 नॅनोसेकंदांचे किती तुकडे झाले, त्याची ती मोजणी आहे.

प्रबंधात नुसती संख्या लिहू नका. कोणती कमांड, कोणता फिल्टर, कोणत्या तारखेला, हेही शेजारी लिहा. उद्या कोणी “कसे मोजले?” विचारलं, तर उत्तर तयार असेल.