दोन काळ्या खिडक्या: एक्सटर्मच्या सेटिंग्ज नेमक्या कुठून येतात

वाचणाऱ्यांसाठी आधी एक सूचना. ऑडिओत मी सेटिंगच्या ओळी तोंडी सांगितल्यात, इथे त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात. फाइलमध्ये अर्थातच इंग्रजीत टाइप करायच्या, आणि कॅपिटल-स्मॉल अक्षरं सांभाळून. त्यावर पुढे बोलूच.

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी विचारलं की तू अजून एक्सटर्म का वापरतोस? इतकी चकाचक टर्मिनल्स आलीत, आणि तू त्या जुन्या पांढऱ्या डब्यात बसतोस. तर त्याचं उत्तर एका रात्रीत आहे.

तेव्हा मी आधीच्या कंपनीत होतो. रात्रीचे साडेदहा-अकरा झाले असतील. लॅपटॉपवर दोन टर्मिनल उघडी होती. एक टेस्टिंगच्या सर्व्हरवर, दुसरं लाइव्ह सर्व्हरवर. दोन्ही काळी, दोन्हीत तोच फॉन्ट. टेस्टिंगवरचं अपलोडचं फोल्डर साफ करायचं होतं. कमांड टाइप केली, एंटर मारला, आणि मग डावीकडचं नाव वाचलं. लाइव्ह. त्या फोल्डरमध्ये ग्राहकांनी दिवसभर टाकलेली कागदपत्रं होती. बॅकअप आदल्या रात्रीचा. म्हणजे तो एक दिवस गेलाच. दुसऱ्या दिवशी आमच्या सीनियरने एकेका ग्राहकाला फोन करून कागद पुन्हा मागवले. मला ओरडला नाही. फक्त म्हणाला, "अरे, दोन्ही खिडक्या काळ्याच का होत्या?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी पहिल्यांदा एक्सटर्मचं मॅन्युअल नीट वाचलं. तोपर्यंत काय करायचो? जे सगळे करतात तेच. कुणाची तरी सेटिंगची फाइल उचलायची, आपल्याकडे डकवायची, चाललं तर चाललं.

थोडी पार्श्वभूमी. एक्सटर्म १९८४ सालचा आहे. मार्क व्हँडेव्होर्ड नावाच्या विद्यार्थ्याने उन्हाळ्यात त्यावर काम सुरू केलं. १९९६ पासून थॉमस डिकी तो सांभाळतात. टर्मिनल इम्युलेटर म्हणजे जुन्या खऱ्या टर्मिनलची नक्कल करणारा प्रोग्राम. डेक कंपनीचं व्हीटी-१०० हे टर्मिनल १९७८ मध्ये आलं. एक्सटर्मच्या आत जो भाग अक्षरं दाखवतो त्याचं नाव आजही व्हीटी१०० आहे. हे नाव लक्षात ठेवा, त्याच्यामुळेच निम्म्या लोकांच्या सेटिंग्ज चालत नाहीत.

आता मुद्दा. एक्सटर्मला सेटिंगचा डायलॉग बॉक्स नाही. कंट्रोल दाबून माउसची तीन बटणं दाबलीत तर तीन वेगवेगळे मेन्यू येतात, उजव्या बटणाला फॉन्टचा. पण तिथे केलेला बदल त्या खिडकीपुरता. कायमचं काही हवं असेल तर दोन रस्ते: सुरू करताना द्यायचे ऑप्शन, आणि रिसोर्स.

ऑप्शन सोपे. मायनस बीजी म्हणजे मागचा रंग, मायनस एफजी अक्षरांचा, मायनस एफए फॉन्टचं नाव, मायनस एफएस त्याचा आकार, मायनस एसएल म्हणजे वर सरकून गेलेल्या किती ओळी जपून ठेवायच्या. एकच गंमत आहे. मायनस एसबी दिलं तर स्क्रोलबार येतो, प्लस एसबी दिलं तर जातो. म्हणजे मायनसने चालू, प्लसने बंद. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं छपाईची चूक आहे.

रिसोर्स म्हणजे तीच माहिती, पण फाइलमध्ये लिहिलेली. होम फोल्डरमध्ये डॉट एक्सरिसोर्सेस नावाची फाइल करायची आणि त्यात अशा ओळी टाकायच्या:

एक्सटर्म*फेसनेम: मोनोस्पेस
एक्सटर्म*फेससाइझ: १२
एक्सटर्म*सेव्हलाइन्स: १००००
एक्सटर्म*सिलेक्टटूक्लिपबोर्ड: ट्रू

तिसरी ओळ हवीच, कारण मुळात फक्त १०२४ ओळी जपल्या जातात. मोठा बिल्ड चालवलात की वरची एरर वाहून जाते. चौथी ओळ तुमच्यातल्या अनेकांचं डोकं वाचवेल. एक्सटर्ममधून कॉपी केलेलं ब्राउझरमध्ये कंट्रोल-व्हीने पेस्ट होत नाही, अशी तक्रार असते ना? कारण माउसने निवडलेला मजकूर वेगळ्या जागी जातो, क्लिपबोर्डवर नाही. ही ओळ तो क्लिपबोर्डवर पाठवते.

फाइल सेव्ह केली, नवं टर्मिनल उघडलं, आणि काहीच बदललं नाही? बरोबर आहे. एक्सटर्म ती फाइल स्वतः वाचतच नाही. एक्सआरडीबी नावाचा छोटा प्रोग्राम ती वाचतो आणि एक्स सर्व्हरकडे जमा करतो. एक्सटर्म सुरू होताना सर्व्हरला विचारतो. लॉगिन करताना बहुतेक लिनक्समध्ये हे आपोआप होतं, पण मधेच बदल केलात तर एक्सआरडीबी मायनस मर्ज आणि फाइलचं नाव, असं स्वतः चालवावं लागतं. मर्जच्या जागी लोड लिहिलंत तर आधीचं सगळं पुसून फक्त ही फाइल राहते. सध्या काय जमा आहे ते बघायला एक्सआरडीबी मायनस क्वेरी. आधीच उघड्या असलेल्या खिडक्या मात्र बदलत नाहीत, नवी उघडायची.

जुन्या लेखांत डॉट एक्सडिफॉल्ट्स ही फाइल सांगितलेली असते. तिच्यात मी एक संध्याकाळ घालवलीये. सर्व्हरकडे काहीही जमा नसेल तरच ती वाचली जाते. तुमच्या डेस्कटॉपने लॉगिनच्या वेळी एक ओळ जरी जमा केली, तरी तुमची ती फाइल गेली कचऱ्यात. एररही येत नाही. हे या सगळ्या पद्धतीचं खरं दुखणं आहे: चुकलेली ओळ गुपचूप सोडून दिली जाते. सेव्हलाइन्समधला एल स्मॉल लिहिलात, गेलं. ट्रूच्या पुढे एक स्पेस राहिली, तीही किमतीचाच भाग धरली जाते. कॉमेंट लिहायची तर ओळीच्या सुरुवातीला उद्गारचिन्ह, हॅश नाही. एक्सआरडीबी फाइल आधी सी भाषेच्या प्रीप्रोसेसरमधून काढतो, हॅश दिसला की तो त्याला आपली आज्ञा समजतो. (फायदाही आहे: हॅश डिफाइन वापरून रंगांना नावं देता येतात.)

आता टिंब आणि स्टार. मला वाटतं इथेच सगळी गोम आहे.

रिसोर्सचं नाव म्हणजे घराचा पत्ता समजा. आधी इमारत, मग मजला, मग खोली. एक्सटर्म ही इमारत, व्हीटी१०० हा मजला, बॅकग्राउंड ही खोली. टिंब म्हणजे 'लगेच पुढचं'. स्टार म्हणजे 'मधे काहीही असो'. म्हणून एक्सटर्म टिंब फेसनेम असं लिहिलंत तर ते चालत नाही, कारण फॉन्ट इमारतीला नसतो, मजल्याला असतो. एक्सटर्म टिंब व्हीटी१०० टिंब फेसनेम चालेल, एक्सटर्म स्टार फेसनेमही चालेल. स्टारचा तोटा असा की एक्सटर्म स्टार बॅकग्राउंड लिहिलं की आतल्या सगळ्या मजल्यांवर तोच रंग, मेन्यूसुद्धा रंगतात.

आणि प्रत्येक इमारतीला दोन नावं असतात. एक जातीचं, म्हणजे क्लास. एक्सटर्मच्या क्लासच्या नावात एक्स आणि टी दोन्ही कॅपिटल. दुसरं त्या चालू प्रोग्रामचं स्वतःचं नाव, सगळं स्मॉल. एकाच गोष्टीसाठी दोन ओळी जुळल्या तर पत्ता डावीकडून वाचला जातो, आणि स्वतःच्या नावाने लिहिलेली ओळ जातीच्या नावाच्या ओळीवर मात करते. फाइलमध्ये कुठली ओळ वर, कुठली खाली, याला इथे अर्थ नाही. मी कित्येक दिवस ओळी खालीवर हलवत बसलो होतो.

यातून एक सवय लावून घ्या. रोजच्या सेटिंग्ज जातीच्या नावाने लिहा, म्हणजे कॅपिटलवाल्या. कारण सुरू करताना दिलेला ऑप्शन आतून स्वतःच्या नावाच्या, स्टारवाल्या ओळीतच बदलला जातो. फाइलमध्ये तुम्ही स्मॉल एक्सटर्म, मग व्हीटी१००, असा नेमका पत्ता लिहून ठेवलात, तर मायनस बीजी देऊनही रंग बदलणार नाही. ऑप्शन नेहमी जिंकतो असं सगळीकडे लिहिलेलं असतं. एरवी जिंकतोच, पण समोरचा पत्ता जास्त नेमका असेल तर हरतो.

आता सीनियरच्या प्रश्नाकडे येऊ. हे स्वतःचं नाव बदलता येतं! त्यासाठी मायनस नेम हा ऑप्शन आहे. एक्सटर्म मायनस नेम लाइव्ह म्हटलं की ती खिडकी जातीने एक्सटर्मच राहते, फॉन्ट, ओळी, क्लिपबोर्ड सगळं तेच मिळतं, पण नाव लाइव्ह. मग फाइलमध्ये एकच ओळ:

लाइव्ह*बॅकग्राउंड: #४०००००

चार आणि पुढे पाच शून्यं. गडद, वाळलेल्या रक्तासारखा लाल. मेन्यूही लाल होतात, आणि मला ते चालतं. टेस्टिंगसाठी दुसरं नाव, हिरवट रंग.

कुणी म्हणेल, खिडकीच्या टायटलवर नाव लिही की. लिहिलं होतं. पण उबंटू, डेबियनच्या मूळ सेटिंगमध्ये बॅश प्रत्येक प्रॉम्प्टला टायटल स्वतःच बदलतो. सर्व्हरवर पोचलात की तिथला बॅश तुमचं टायटल पुसतो. शिवाय टायटल वाचावं लागतं, आणि रात्री अकराला मी काही वाचत नव्हतो, हे सिद्धच झालंय. रंग वाचावा लागत नाही.

माझ्याकडे एक छोटा शेल फंक्शन आहे, त्याचं नावच लाइव्ह. आत एक ओळ: एक्सटर्म, मायनस नेम लाइव्ह, मायनस ई, एसएसएच आणि सर्व्हर. मायनस ई नेहमी शेवटी, कारण त्याच्यापुढचं सगळं चालवायची कमांड म्हणून घेतलं जातं. याचा आणखी एक फायदा नंतर कळला. एसएसएच तुटलं की खिडकीच बंद होते. म्हणजे लाल खिडकीत मी चुकूनही माझ्या लॅपटॉपवर नसतो. उलट बाजू मात्र उघडी आहे: काळ्या खिडकीत हाताने एसएसएच टाइप केलं तर रंग बदलत नाही. म्हणून लाइव्ह सर्व्हरचं नाव मी एसएसएचच्या फाइलमध्ये मुद्दाम लांबलचक ठेवलंय. हाताने टाइप करायचा कंटाळा यावा म्हणून.

आय-थ्रीसारखा विंडो मॅनेजर वापरत असाल तर त्यालाही हे नाव दिसतं. माझी लाल खिडकी कायम नऊ नंबरच्या वर्कस्पेसवरच उघडते, बाकी कुणाच्या शेजारी बसत नाही.

यूआरएक्सव्हीटीवाल्यांसाठी घाईत दोन गोष्टी. तिथेही मायनस नेम आहे आणि रिसोर्सही, पण मजल्यांची भानगड नाही, यूआरएक्सव्हीटी टिंब फॉन्ट असं सरळ लिहायचं. रॅम कमी असेल तर यूआरएक्सव्हीटी-डी एकदा सुरू करून सगळ्या खिडक्या यूआरएक्सव्हीटी-सीने उघडा, सगळं एकाच प्रोसेसमध्ये बसतं. तो कोसळला तर सगळ्या खिडक्या जातात, म्हणून लाइव्हची खिडकी मी तरी त्यात ठेवणार नाही. आणि सर्व्हरवर गेल्यावर बॅकस्पेस वेडंवाकडं वागलं तर बहुधा त्या सर्व्हरला या टर्मिनलचं नाव ओळखीचं नसतं, टर्मनेम हा रिसोर्स बघा.

फोनवर टर्मक्स वापरणाऱ्यांनो, तुमच्याकडे रिसोर्सचा हा पसारा नाही. डॉट टर्मक्स फोल्डरमध्ये टर्मक्स डॉट प्रॉपर्टीज, रंगांसाठी कलर्स डॉट प्रॉपर्टीज, आणि बदल केल्यावर टर्मक्स-रीलोड-सेटिंग्ज. पण तिथला रंग सगळ्या सेशनला एकच लागतो. तेव्हा फोनवरून लाइव्ह सर्व्हरवर जायची वेळ आली तर मी आधी बाकीची सगळी सेशन बंद करतो.

एक कबुली राहिली. एक्सटर्ममध्ये मराठी धड दिसत नाही. जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात, कारण प्रत्येक अक्षराला ठराविक चौकट हे त्याचं मूळ गणित. मराठी नावं असलेल्या फाइल्स बघायच्या असल्या की मी दुसरं टर्मिनल उघडतो. तेही काळंच आहे, पण त्यातून मी कुठल्याही सर्व्हरवर जात नाही.

पुढच्या एपिसोडमध्ये एसएसएचची तीच फाइल उघडू. तोपर्यंत, भेटूया.