रिमोटमधला न दिसणारा दिवा

टीव्हीचा रिमोट चालेनासा झाला की आमच्याकडे आधी तो तळहातावर आपटला जातो, मग सेल काढून उलटसुलट घातले जातात. परवा मुलाने वेगळंच केलं. रिमोटचं टोक मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं. स्क्रीनवर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला. नुसत्या डोळ्यांनी पाहावं तर काहीच नाही. रिमोट ठीक होता, बिघाड टीव्हीत होता. (तो अजून आहे.)

रिमोटमधून निघणारा हा न दिसणारा प्रकाश म्हणजे अवरक्त प्रकाश. तो पहिल्यांदा पकडला विल्यम हर्शेल यांनी, १८०० साली. लोलकातून पसरलेल्या सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यात ते काळा केलेला थर्मामीटर सरकवत होते. जांभळ्याकडून तांबड्याकडे जाताना पारा जास्त जास्त चढू लागला, आणि तांबड्याच्याही पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे सगळ्यांत वर गेला. पुढच्याच वर्षी योहान रिटर यांना दुसऱ्या टोकाला अतिनील किरण सापडले. ते मधमाशीला दिसतात. तांबडा रंग मात्र तिला दिसत नाही.

न दिसणाऱ्या गोष्टींचा विषय निघाला की हमखास कुणीतरी तत्त्वज्ञ इमान्युएल कांट यांना मध्ये आणतं. हर्शेल यांना युरेनस सापडला त्याच वर्षी, १७८१ मध्ये, कांट यांचा ‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’ हा ग्रंथ निघाला. वस्तू आपल्याला जशी भासते तेवढीच कळते, ती स्वतः जशी आहे तशी नाही, असं त्यात म्हटलं आहे. मग अवरक्त किरण म्हणजे तीच अज्ञात वस्तू की!

ही साफ गफलत आहे. त्याच ग्रंथात कांट चुंबकाचं उदाहरण देतात. लोखंडाचा कीस ओढला जातो, त्यावरून चुंबकीय द्रव्य आहे हे आपण ओळखतो. इंद्रियं अधिक तीक्ष्ण असती तर ते थेट जाणवलंही असतं. थोडक्यात, उपकरणाने जे कळतं ते अनुभवाच्या हद्दीतलंच. कांट यांचा दावा याहून अवघड आहे: अवकाश आणि काळ हेच मुळी आपल्या जाणण्याचे साचे. पारा ‘वर’ चढला, ‘मग’ थांबला, यातलं ‘वर’ आणि ‘मग’ आपण घरून नेलेलं. ते बाजूला ठेवून घ्यायचं मोजमाप अजून कुणाला सुचलेलं नाही.

रिमोटचा प्रयोग घरी जरूर करा. मागच्या कॅमेऱ्यात ठिपका दिसला नाही तर पुढचा वापरा. मागच्या कॅमेऱ्यात बहुधा अवरक्त प्रकाश अडवणारी काच बसवलेली असते, फोटो माणसाला दिसतं तसे यावेत म्हणून.