गडग्यापलीकडची माशी

पहाटेचे साडेचार. वाशीच्या फळबाजाराच्या फाटकाशी गाड्यांची रांग लागली आहे. देवगडच्या, राजापूरच्या, रत्नागिरीच्या. रात्रभर महामार्ग तुडवून आलेल्या. एक ड्रायव्हर स्टिअरिंगवर मान टाकून झोपलाय. मागून हॉर्न वाजला की जागा होतो, गाडी दहा फूट पुढे घेतो, पुन्हा मान टाकतो. ताडपत्रीच्या फटीतून वास येतो. आधी पेंढ्याचा, मग लाकडाचा, आणि त्याच्या खालून हळूच हापूसचा.

आत लख्ख उजेड. माथाडी पाठीवर पेट्या घेऊन जवळजवळ धावतात. ‘वाट द्या, वाट द्या’ हा आवाज सतत कुठून ना कुठून येतो. पायाखाली ओला पेंढा. मी एका गाळ्याच्या खांबाला पाठ लावून उभा राहतो. एप्रिल आहे, सूर्य उगवलेला नाही, तरी सदरा पाठीला चिकटलाय.

समोर एक पेटी उघडतात. फळी उचकटल्याचा कर्र आवाज. व्यापारी वरच्या थरातला आंबा उचलतो, दिव्याखाली धरतो, सालीवरून अंगठा फिरवतो. अंगठा थांबतो. सुईच्या टोकाएवढा काळपट ठिपका. तो आंबा बाजूला ठेवतो, दुसरा उचलतो. पुन्हा ठिपका. कुणी काही बोलत नाही. रुमालाखाली दोन हात जातात, बोटं दाबली जातात, भाव ठरतो.

पेटीचा मालक दोन हातांवर उभा आहे. साठीचा बागायतदार, देवगडकडचा. त्याने ते दोन आंबे पाहिलेत. त्याला भाव विचारावा लागत नाही.

तो ठिपका म्हणजे फळमाशीचा डंख. मादी सालीत टोक खुपसून अंडी घालते. वरून फळ केशरी, देखणं. आत काही दिवसांत अळ्या वळवळू लागतात. गिऱ्हाइकाला कळतं ते घरी, सुरी चालवल्यावर.

‘सापळे लावलेले होते,’ तो मला सांगतो. मोबाइलमधला फोटो दाखवतो. कलमाच्या फांदीला टांगलेला प्लास्टिकचा डबा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा. आत प्लायवूडचा तुकडा, मिथाइल युजेनॉलमध्ये भिजवलेला. त्या वासाला नर भुलतात, आत येतात आणि मरतात. मादीला जोडीदार मिळत नाही. हेक्टरी चार सापळे पुरतात. शिवाय खाली पडलेला आंबा रोज वेचायचा आणि खोल पुरायचा, कारण अळी त्या फळातून मातीत उतरते, कोषात जाते आणि माशी होऊन वर येते. एवढं नेमानं केलं, तर फळ उतरवायच्या दिवसांत फवारणीचा पंप फारसा बाहेर काढावा लागत नाही.

‘मग हे डंख?’

‘शेजारच्या बागेत पडलेलो आंबो कोण उचलणा नाय. मालक मुंबैक. माशीक गडगो कळणा नाय.’

गडगा म्हणजे दोन बागांमधली जांभ्या दगडांची बुटकी भिंत. माणसाची हद्द तिथे संपते.

उजाडतं. चहावाला किटली घेऊन फिरतो. बागायतदार काखेतली पिशवी उघडतो. आत प्लास्टिकची फाइल, तिच्यात सातबारा, आठ-अ, आधारची प्रत, पासबुकाचं पहिलं पान. आणि एक संमतीपत्र. खाली पाच नावं. दोन सह्या झाल्यात, तीन जागा कोऱ्या. त्याचा सातबारा सामायिक आहे. बाग तो बघतो, पण जमिनीवर चुलत्यांची आणि पुतण्यांची नावं आहेत, आणि अनुदानाचा अर्ज करायचा तर त्यांची संमती लागते. ती माणसं कोपरखैरण्याला, घणसोलीला, डोंबिवलीला राहतात. म्हणून पेट्यांबरोबर फाइलही आली आहे.

अनुदान किती? तो चहाचा घोट घेऊन हिशेब सांगतो. केंद्राच्या फलोत्पादन अभियानाच्या 2014 सालच्या नियमांत एकात्मिक कीड व्यवस्थापनाचा खर्च हेक्टरी 4,000 रुपये धरला होता. त्याच्या 30 टक्के, म्हणजे 1,200 रुपये सरकार द्यायचं, एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त 4 हेक्टरांपर्यंत. दहा-दहा मीटरवर लावलेल्या जुन्या बागेत हेक्टरी 100 कलमं बसतात.

म्हणजे कलमामागे 12 रुपये. तेही आधी नाही. अर्ज ऑनलाइन भरायचा, पूर्वसंमती यायची, मग स्वतःच्या खिशातून माल घ्यायचा, पावती चढवायची आणि खात्यात पैसे येण्याची वाट बघायची.

तरीही त्याला तो अर्ज करायचा आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं. रक्कम लहान आहे, पण नाव यादीत असलं की कृषी खात्याचा माणूस बागेत येतो, सापळ्यातल्या माश्या मोजतो, फवारणी केव्हा टाळता येईल ते सांगतो. आणि शेजारी बघतो. पण मदत एकेका सातबाऱ्याला मिळते आणि माशी अख्ख्या वाडीची असते. इथे घोडं अडतं. सापळ्यांचे पैसे वाडीला एकत्र मिळाले पाहिजेत, मालक मुंबईत असलेल्या बागांसकट, असं माझं स्पष्ट मत आहे.

नऊ वाजता आम्ही वाशीतल्याच एका प्रक्रिया केंद्रापाशी पोचतो. परदेशी जाणारा आंबा इथून निघतो. दाराआड दुसरं दार, जाळ्या, दारावर हवेचा झोत. माशी आत शिरू नये म्हणून एवढा बंदोबस्त. आत थंडगार शांतता. डोक्यावर टोप्या घातलेल्या बायका एकेक फळ हातात फिरवून बघतात. एका बाजूला उष्ण बाष्पाची खोली. जपानला जाणाऱ्या आंब्याच्या गराचं तापमान 47.5 अंशांवर न्यायचं आणि 20 मिनिटं तिथेच ठेवायचं. अमेरिकेला जाणाऱ्याला विकिरण, किमान 400 ग्रे. बागायतदार काचेला नाक लावून बघत राहतो.

त्याला 2014 आठवतं. 2013 मध्ये युरोपात पोचलेल्या भारतीय फळं-भाज्यांच्या 207 खेपांत किडी सापडल्या. 1 मे 2014 पासून युरोपनं आंबा बंद केला, ऐन हंगामात. कारली, वांगी, पडवळ, अळूसुद्धा. 2015 च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली. दरम्यान युरोपला जाणारा आंबा वाशीच्या बाजारातही उतरला होता.

‘हंयसर इतक्या करतत,’ तो काचेकडे बोट दाखवून म्हणतो, ‘थंय कलमाखाली कोण येणा नाय.’

बाराला ऊन डोक्यावर येतं. बसथांब्यावर सावली नाही. पत्र्याच्या बाकावर हात ठेववत नाही. पाऊण तासानं कोपरखैरण्याची बस मिळते. बागायतदाराच्या मांडीवर पिशवी, तिच्यात पुतण्यासाठी दोन डझन आंबे. फाइल त्यानं सदऱ्याच्या आत सरकवली आहे, घाम लागू नये म्हणून वर वर्तमानपत्र.

चाळवजा इमारतीचा दुसरा मजला. पुतण्या रात्रपाळी करून झोपलेला, डोळे चोळत दार उघडतो. त्याची बायको पाणी आणते. आंबे बघून मुलं पुढे येतात. मग कागद बाहेर निघतो आणि खोलीत शांतता होते.

‘काका, हे नक्की कशासाठी?’

पुतण्या कागद दोनदा वाचतो. त्याच्या चेहऱ्यावरचा संशय मला दिसतो, काकालाही दिसतो. जमिनीच्या कागदावर सही करून फसलेल्या माणसांच्या गोष्टी प्रत्येक घरात आहेत.

‘जमीन विकणा नाय रे,’ काका हळू आवाजात म्हणतो. ‘माशी मारतंय.’

पंखा फिरत राहतो. पुतण्या पेन मागतो. सही होते, शाई वाळेपर्यंत काका कागदावर फुंकर घालतो.

घणसोलीच्या घराला कुलूप असतं. शेजारीण सांगते, लग्नाला गेलेत, सोमवारी येतील. डोंबिवलीला जायला वेळ उरलेला नाही. संध्याकाळी सहाला गाडी परत निघते, रिकामे क्रेट घेऊन. फाइल ड्रायव्हरच्या मागच्या फळीवर. पाचातल्या तीन सह्या.

कोकणातल्या एखाद्या सामायिक सातबाऱ्यावर तुमचं नाव असेल आणि तिथली कलमं तुमचा कुणी भाऊ किंवा काका राखत असेल, तर त्याला आज फोन करा. संमतीपत्र मागवून घ्या, नीट वाचा, पटलं तर सही करून परत पाठवा. पुढचा मोहोर नोव्हेंबर-डिसेंबरात येईल. त्याच्या आत कागद तालुक्याला पोचायला हवा.