जुन्या ट्रॅक्टरास जुने टायर

शहरांत स्थायिक झालेल्या पुष्कळ कुटुंबांची गांवीं थोडीबहुत जमीन असते, आणि त्या जमिनीबरोबर वीस-पंचवीस वर्षें राबलेला एखादा ट्रॅक्टरही असतो. पावसाळ्याच्या तोंडावर गांवाहून निरोप येतो : मागचे टायर झिजले, नव्या जोडीस पैसे फार पडतात, वापरलेली जोडी मिळते आहे, घ्यावी काय? निर्णय शहरांतल्या माणसानें करावयाचा, पैसे त्यानेंच धाडावयाचे. त्या टायरांवर बसणार मात्र दुसराच. म्हणून हा प्रश्न नुसत्या काटकसरीचा नाहीं. पण त्याचें उत्तर सरसकट नकारार्थीं द्यावें असेंही नाहीं.

ट्रॅक्टराच्या टायरांत दोन वस्तु एकत्र असतात. बाहेरचे तिरपे उंचवटे मातींत रुतून ओढ देतात. आंतलें अंग, म्हणजे रबरांत बसविलेले दोऱ्यांचे थर, हवा कोंडून धरतें आणि भार पेलतें. उंचवटे झिजले तर ओढ कमी होते. अंग खचलें तर टायर फुटतो. विकणारा उंचवट्यांकडे बोट दाखवितो. घेणारानें पारख करावयाची ती अंगाची. निम्मा झिजलेला पण निकोप टायर हा उंच उंचवट्यांच्या पण वर्षानुवर्षें उन्हांत पडलेल्या टायरापेक्षां केव्हांही बरा.

ही पारख टायर रिमवर असतां पुरी होत नाहीं. तो उतरवून आंत पाहावें. आंतल्या बाजूस घासल्याचा पट्टा किंवा रबराचा भुगा दिसला, तर तो टायर कमी हवेवर पळविलेला आहे आणि त्याचे दोरे थकलेले आहेत असें समजावें. रिमला बिलगणाऱ्या कडेंतील तार उघडी पडली असेल, तर भाव विचारण्याचेंही कारण नाहीं. बाजूच्या भिंतीवरच्या बारीक रेघा वयाच्या असतात, त्या चालतात. भेगेंतून दोरा दिसला कीं संपलें. पऱ्हाटीचे व तुरीचे खुंट रबरांत खोल घुसतात, म्हणून कापसाच्या मुलखांतला टायर विशेष निरखावा. काळ्या पॉलिशनें चकचकीत केलेला टायर आधीं धुवून घ्यावा.

टायरावरचे आंकडेही बोलके असतात. १३.६-२८ म्हणजे टायराची रुंदी १३.६ इंच आणि रिमचा व्यास २८ इंच. अलीकडच्या बहुतेक टायरांवर चार आंकडी खूण असते. १२१९ असें असेल तर तो २०१९ सालच्या बाराव्या आठवड्यांतला. जोडी मात्र जोडीच हवी. दोन टायर सारख्या आंकड्यांचे असूनही झीज निराळी असली तर एक चाक लहान, एक मोठें होतें, आणि दोन्ही चाकांना कमीअधिक फिरूं देणारीं आंतलीं दांतेरी चाकें सरळ वाटेवरही अखंड घासत राहतात. दोन्हींचा घेर फितीनें मोजावा. पुढच्या चाकांसाठीं मी जुना टायर सुचविणार नाहीं. तो त्या मानानें स्वस्त असतो, आणि ट्रॅक्टर वळवावयाचा तो त्याच्याच भरंवशावर.

आतां वापर. १९३२ सालीं अमेरिकेंतील ॲलिस-चामर्स कंपनीनें हवेच्या टायरांचा ट्रॅक्टर विक्रीस काढला, तोंपर्यंत शेतांत लोखंडी चाकांचेंच राज्य होतें. रबरामुळें एकच यंत्र शेतांत नांगरूं लागलें आणि सडकेवर ओझेंही ओढूं लागलें. झिजलेला टायर या दोन्ही कामांस सारखा उतरत नाहीं. कोरड्या, टणक जमिनींत त्याची ओढ फारशी उणी पडत नाहीं. मळणीयंत्र चालविण्यास तर तो उत्तमच. ओल्या काळ्या मातींत मात्र उथळ खांचा चिखलानें बुजतात आणि चाक जागच्या जागीं फिरूं लागतें. तेथें वाफसा येईतों थांबणें हाच उपाय. ट्यूबेंत तीन-चतुर्थांश पाणी भरून वजन वाढविल्यानें पकड सुधारते. चिखलांत त्याचाही इलाज चालत नाहीं.

चाक किती घसरतें हें घरच्या घरीं मोजतां येतें. त्यावर खडूची खूण करून, नांगर उचलून त्याच शेतांत दहा फेरे चालवावें. समजा, ४० मीटर अंतर पडलें. मग नांगर लावून पुन्हां दहा फेरे. ३४ मीटर पडलें तर घसरण पंधरा टक्के. एथपर्यंत ठीक. त्यापुढें जें डिझेल जळतें तें माती घुसळण्यांत जातें, आणि जुन्या टायरांवर वांचविलेले पैसे दोन-तीन हंगामांत पंपावर निघून जातात.

सडकेवर गोष्ट निराळी. जुन्या दोनचाकी ओढीच्या ट्रॅक्टरास ब्रेक असतात ते मागच्याच चाकांना. ओल्या डांबरावर, उतारावर, मागून उसाची भरली ट्रॉली रेटत असतां गुळगुळीत टायर धरत नाहीं. आणि थकलेलें अंग ओझ्याखालीं तापून फुटतें तेंही अशाच वेळीं. म्हणून झिजलेली जोडी घेतली, तर ऊस दुसऱ्याच्या ट्रॅक्टरानें धाडावा आणि त्याचें भाडें हिशेबांत आधींच धरावें. चालविणारास हें स्पष्ट सांगावें, आणि टायर पाहावयास त्यालाच न्यावें.

टायर चढवितांना ट्यूब नवी घ्यावी. हवा भरतांना कड रिमवर बसेना, तर ३५ पौंडांच्या वर दाब नेऊं नये. हवा सोडून, कडेस साबणाचें पाणी लावून पुन्हां भरावी. भरणारानें चाकावर ओणवें होऊं नये, नळी लांब घेऊन बाजूस उभें राहावें.