स्कूटरच्या क्षमतावाढीनंतरचे कार्बोरेटर व व्हेरिएटर समायोजन

क्षमतावाढीनंतरचे समायोजन ही लहान स्कूटरच्या इंजिनात मोठ्या व्यासाचा सिलिंडर व पिस्टन बसवल्यानंतर कार्बोरेटरमधील इंधन-हवा मिश्रण आणि स्वयंचलित पारेषणातील वजने व स्प्रिंगा नव्या इंजिनाशी जुळवून घेण्याची प्रक्रिया आहे. गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये इंजिन कोणत्या वेगाने फिरावे हे चालक नव्हे, तर पारेषण ठरवते. त्यामुळे ही दोन समायोजने एकमेकांपासून स्वतंत्र राहत नाहीत. त्यांचा क्रम चुकल्यास एका भागातील दोष दुसऱ्या भागाचा वाटतो.

या लेखात जीवाय-६ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चारधावी, हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या ५० सीसी आवृत्तीचे उदाहरण घेतले आहे. चीन व तैवानमध्ये हे इंजिन मोठ्या प्रमाणावर तयार होते आणि अनेक देशांतील लहान स्कूटरमध्ये बसवले जाते. १३९ क्यूएमबी या त्याच्या सांकेतिक नावातील १ हा आकडा सिलिंडरांची संख्या दर्शवतो, तर ३९ हा आकडा सिलिंडरचा मिलिमीटरमधील व्यास आहे. पिस्टनची धाव सुमारे ४१.५ मिमी असते. धाव तीच ठेवून व्यास ४७ मिमी केल्यास क्षमता सुमारे ७२ सीसी आणि ५० मिमी केल्यास सुमारे ८१ सीसी होते. व्यास वर्गाच्या प्रमाणात मोजला जात असल्याने ११ मिलिमीटरच्या वाढीने इंजिन दीडपटीहून मोठे होते.

== मिश्रणात होणारा बदल ==

सिलिंडर मोठा झाला की मोठा जेट लागतो, असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. कार्बोरेटर मूळचाच ठेवला तर मोठे इंजिन त्याच्या अरुंद गळ्यातून जास्त हवा ओढते. हवेचा वेग वाढतो, जेटवरील दाब अधिक उतरतो आणि इंधनही त्याच प्रमाणात जास्त येते. त्यामुळे मिश्रणाचे गुणोत्तर फारसे बदलत नाही. खरी अडचण क्षमतावाढीबरोबर केल्या जाणाऱ्या इतर बदलांमुळे येते. मोकळा एअर फिल्टर आणि कमी अडथळ्याचा सायलेन्सर बसवल्यास जेटवरील दाबफरक कमी होतो. मोठ्या तोंडाच्या कार्बोरेटरमध्ये तर हवेचा वेगच मंदावतो आणि मूळ आकाराचा जेट पुरेसे इंधन देऊ शकत नाही. अशा वेळी मिश्रण विरळ होते, म्हणजेच मेकॅनिकच्या भाषेत इंजिन ‘लीन’ चालते.

पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी एक भाग इंधनामागे वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. पूर्ण थ्रॉटलवर सर्वाधिक शक्ती मात्र साधारण १२.५ ते १३ भाग हवेला मिळते. हे जास्तीचे इंधन वाया जात नाही. त्याच्या बाष्पीभवनाने सिलिंडरमधील तापमान आटोक्यात राहते. विरळ मिश्रणाचा धोका असा की त्याची सूचना उशिरा मिळते. मर्यादेच्या जरा अलीकडे असलेले इंजिन हलके, चपळ आणि आवाजाला स्वच्छ वाटते. चालकाला ते उत्तम जुळल्यासारखे भासते. मात्र सलग चढावर किंवा महामार्गावर काही किलोमीटर पूर्ण थ्रॉटल राहिल्यास स्फोटक ज्वलन सुरू होते, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो किंवा पिस्टनचा माथा वितळतो. दोनधावी इंजिनात वंगणाचे तेलही येणाऱ्या मिश्रणातूनच पुरवले जात असल्याने पिस्टन थेट सिलिंडरला धरतो. म्हणूनच समायोजनाची सुरुवात नेहमी गरजेपेक्षा मोठ्या जेटने करून तो टप्प्याटप्प्याने लहान केला जातो, उलट दिशेने नव्हे.

इंधनाची जातही यात येते. भारतात २०२५ पर्यंत २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल सर्वत्र विकले जाऊ लागले. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने अशा इंधनाला पूर्ण ज्वलनासाठी १४.७ ऐवजी सुमारे १३.५ भाग हवा पुरते. शुद्ध पेट्रोलवर जुळवलेला जेट या इंधनावर तितकाच विरळ ठरतो. उंचीचा परिणाम याच्या उलट असतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच असून तेथील हवा मुंबईपेक्षा साधारण १२ टक्के विरळ असते. त्यामुळे मुंबईत अचूक ठरलेला जेट तेथे मिश्रण समृद्ध करतो आणि इंजिन जड चालते. हा जेट घाटमाथ्यावर बदलून लहान केला आणि तसाच खाली आणला, तर इंजिन धोक्यात येते.

== जेट ठरवण्याची पद्धत ==

जेटला हात लावण्यापूर्वी सिलिंडर बदलताना निर्माण झालेले दोष शोधणे आवश्यक असते. इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा शिरत असेल तर कोणताही जेट समाधानकारक ठरत नाही. व्हॉल्व्हचे अंतर तपासावे लागते आणि पिस्टनच्या नव्या रिंगा सिलिंडरमध्ये बसेपर्यंत पूर्ण थ्रॉटलची चाचणी टाळली जाते.

सर्वसाधारण कार्बोरेटरमध्ये थ्रॉटलच्या पहिल्या अष्टमांशापर्यंत मंदगती जेट आणि मिश्रणाचा स्क्रू, मधल्या भागात सुई आणि तीन-चतुर्थांशाच्या पुढे मुख्य जेट प्रभावी असतो. त्यामुळे मुख्य जेट आधी ठरवून खाली येत जाणे सोयीचे ठरते. जीवाय-६ वरील कार्बोरेटरमध्ये ही विभागणी इतकी काटेकोर नसते, कारण त्याचा सरकता पडदा केबलने नव्हे, तर निर्वाताने वर उचलला जातो. मूठ पूर्ण पिळली तरी इंजिनाचा वेग वाढेपर्यंत पडदा अर्धाच उघडलेला असू शकतो. याशिवाय स्वयंचलित चोक गरम होऊन बंद होण्यास काही मिनिटे घेतो. तेवढा वेळ मिश्रण समृद्धच असते आणि थंड इंजिनावरील कोणताही निष्कर्ष फसवा ठरतो.

जेटवरील आकड्यांचा अर्थ उत्पादकानुसार बदलतो. डेलॉर्टोच्या जेटवर छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात दिलेला असतो, तर मिकुनीच्या षट्कोनी जेटचा आकडा इंधनप्रवाहावर आधारित असतो. व्यासाच्या आकड्यात ८० वरून ९० वर जाणे म्हणजे छिद्राचे क्षेत्रफळ सुमारे २७ टक्क्यांनी वाढवणे होय. दोन-तीन आकड्यांचे टप्पे घेण्याची प्रथा त्यामुळेच पडली आहे.

जेटची परीक्षा करण्यासाठी गाडी पूर्ण थ्रॉटलवर काही अंतर चालवून त्याच स्थितीत इंजिन बंद केले जाते आणि स्पार्क प्लग काढून पाहिला जातो. काळा, काजळी धरलेला प्लग समृद्ध मिश्रण दर्शवतो; पांढरा पडलेला किंवा सूक्ष्म बुडबुडे आलेला प्लग विरळ मिश्रणाचा असतो. बदामी रंगाची प्रसिद्ध खूण मात्र शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातील आहे. सध्याच्या इंधनावर चांगल्या प्लगलाही फारसा रंग चढत नाही. त्यामुळे टोकापेक्षा इन्सुलेटरच्या तळाशी, आत दिसणारे काजळीचे वलय अधिक विश्वसनीय मानले जाते.

== व्हेरिएटरची वजने ==

पट्टा आणि मागेपुढे सरकणाऱ्या दोन कप्प्यांवर चालणारे पारेषण नेदरलँड्समधील दाफ कंपनीने १९५८ मध्ये व्हेरिओमॅटिक नावाने मोटारीत आणले. हे नाव महाराष्ट्रात १९८४ नंतर आलेल्या कायनेटिक होंडामुळे घरोघरी परिचित झाले. पुढील कप्पीत सहा रोलर असतात. इंजिनाचा वेग वाढला की केंद्रोत्सारी बलाने ते बाहेर सरकतात, कप्पीची बाजू दाबतात आणि पट्टा वर चढतो. मागील कप्पीची स्प्रिंग व तिरकी खाच याला विरोध करतात. या दोन बलांच्या तोलामुळे पूर्ण थ्रॉटलवर गाडीचा वेग वाढत असतानाही इंजिनाचा वेग जवळजवळ स्थिर राहतो. हा स्थिर वेग इंजिनाच्या सर्वाधिक शक्तीच्या वेगाशी जुळवणे, हेच रोलर निवडण्याचे प्रयोजन असते.

केंद्रोत्सारी बल वजनाच्या सम प्रमाणात, पण फिरण्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ७ ग्रॅमचे रोलर काढून ६ ग्रॅमचे घातल्यास स्थिर वेग साधारण ८ टक्क्यांनी वाढतो. आधी मिनिटाला ७,००० फेरे असतील तर ते सुमारे ७,५५० होतात. मधले वजन हवे असल्यास दोन वजनांचे तीन-तीन रोलर एकाआड एक बसवले जातात. शक्ती वाढवली म्हणजे रोलर हलकेच करायचे, हा समज दोनधावी इंजिनांच्या अनुभवातून आला आहे. तेथे बदललेल्या सिलिंडरची शक्ती बहुधा वरच्या वेगाला मिळते. केवळ व्यास वाढवलेल्या चारधावी इंजिनाला खालच्या वेगातच अधिक घूर्णबल मिळते. त्याला अनेकदा मूळ वजनाचे किंवा किंचित जड रोलर शोभतात.

कार्बोरेटर आधी आणि रोलर नंतर हा क्रम येथे निर्णायक ठरतो. समृद्ध मिश्रणाने गुदमरणारे इंजिन ठरलेल्या वेगापर्यंत चढतच नाही आणि लक्षणे जड रोलरसारखी दिसतात. त्यावर हलके रोलर घातले की फेरे वाढतात, पिकअप सुधारल्यासारखा वाटतो आणि मूळ दोष झाकला जातो. पुढे कोणी जेट दुरुस्त केल्यास तेच इंजिन गरजेपेक्षा जास्त वेगाने फिरत राहते. झिजलेल्या, अरुंद झालेल्या पट्ट्यामुळेही असाच गोंधळ होतो. पट्टा पूर्ण वर चढतो की नाही हे पाहण्यासाठी कप्पीच्या तोंडावर मार्कर पेनने त्रिज्येच्या दिशेने रेघ ओढतात. गाडी चालवून आल्यावर रेघ जेथपर्यंत पुसली गेली असेल, तेथपर्यंत पट्टा पोहोचला असे समजते.

मागील स्प्रिंग कडक केल्यासही इंजिनाचा वेग वाढतो आणि चढावर पट्टा लवकर खाली उतरतो, पण घर्षण व पट्ट्याची उष्णता दोन्ही वाढतात. घूर्णबल वाढताच तिरकी खाच स्वतःच पट्टा आवळत असल्याने मध्यम क्षमतावाढीत मूळ स्प्रिंग बहुधा पुरते. क्लचच्या लहान स्प्रिंगा मात्र वेगळे काम करतात. गाडी कोणत्या वेगाला जागेवरून हलते एवढेच त्या ठरवतात.

== कायदेशीर बाजू ==

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि इंजिनक्षमता हा त्या तपशिलाचा भाग आहे. याच अधिनियमाच्या कलम ४ मध्ये सोळा वर्षे पूर्ण झालेल्यांना ५० सीसीपर्यंतचे दुचाकी वाहन चालवण्याची मुभा आहे. सिलिंडर ४७ मिमीचा केलेली गाडी या मर्यादेबाहेर जाते. युरोपीय संघात मोपेड गटासाठी ५० सीसी आणि ताशी ४५ किलोमीटर या मर्यादा असून, तेथे विकल्या जाणाऱ्या अनेक मोठ्या सिलिंडरच्या संचांवर ते केवळ स्पर्धेसाठी असल्याची सूचना छापलेली असते.