लाँगबोर्डाऐवजी लहान सर्फबोर्ड: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नऊ फूट किंवा त्याहून लांब, रुंद आणि गोल नाकाचा सर्फबोर्ड म्हणजे लाँगबोर्ड. सेंटिमीटरमध्ये ही लांबी २७४ भरते. किनाऱ्यालगत राहणारा माणूस तो खांद्यावर टाकून पाण्यापर्यंत चालत जातो. वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला मात्र समुद्र गाठायलाच अख्खी रात्र रेल्वेत काढावी लागते. वर्धा जंक्शनपासून मुंबई सुमारे ७६० किलोमीटर, आणि कोकण किंवा गोवा गाठायचा तर पुढे आणखी एक गाडी. सेवाग्राम आणि हिंगणघाट दिल्ली-चेन्नई मार्गावर असल्यामुळे चेन्नईजवळच्या कोवलम, महाबलीपुरमचे किनारेही आवाक्यात येतात, पण तेही हजार किलोमीटरच्या आसपास. इतक्या प्रवासात लहान बोर्ड हवासा वाटणे साहजिक आहे. ‘लहान’ म्हणजे नेमके काय कमी करायचे, याविषयी मात्र बरेच गैरसमज आहेत.

सर्वांत पक्का गैरसमज असा, की बोर्ड जितका लांब तितका तो जास्त वजन पेलतो. वजन पेलण्याचा संबंध लांबीशी नसून घनफळाशी आहे. आर्किमिडीजचे तत्त्व इथे जसेच्या तसे लागू पडते: बोर्डाचा जितका भाग पाण्यात बुडतो, तितके पाणी बाजूला सरते आणि त्या पाण्याच्या वजनाइतके बल बोर्डाला वर उचलते. समुद्राचे पाणी खारे असल्याने लिटरमागे हे वजन एक किलोपेक्षा किंचित जास्त, सुमारे १.०२५ किलो असते. म्हणूनच बोर्डांवर लांबी, रुंदी आणि जाडीबरोबर लिटरचा आकडाही लिहिलेला असतो. नऊ फुटी, साडेबावीस इंच रुंद आणि तीन इंच जाड लाँगबोर्ड साधारण ७० लिटरचा भरतो. सात फुटी पण रुंद आणि जाड फोमचा बोर्ड ६० लिटरच्या आसपास जातो. दोन फूट लांबी घटली, तरी तरंगण्याची ताकद फारशी घटली नाही. याउलट स्पर्धेत वापरला जाणारा सहा फुटी शॉर्टबोर्ड अनेकदा ३० लिटरसुद्धा नसतो. ढोबळ हिशेबाने नवशिक्याला वजनाच्या किलोंइतके किंवा त्याहून थोडे कमी लिटर लागतात, मध्यम सराव झालेल्याला साधारण निम्मे, आणि मुरलेल्याला त्याहूनही कमी.

‘कमी लिटरचा बोर्ड माणसासकट बुडतो’ हे विधान अर्धेच खरे आहे. स्थिर पाण्यात ३० लिटरच्या बोर्डावर ७५ किलोचा माणूस उभा राहिला तर तो बुडेलच. लाटेवर मात्र बोर्ड वेगात असतो, खालचे पाणी त्याच्या तळावर दाब देते आणि या गतीतून मिळणारे उचल-बल बोर्डाला पृष्ठभागावर ठेवते. अडचण असते ती त्याआधीची: लाट पकडण्यापुरता वेग हातांनी वल्हवून मिळवण्याची. लांब बोर्ड पाणी सहज कापत जातो, त्यामुळे तो लाट लवकर, ती अजून उताराची असतानाच पकडतो. आखूड बोर्डावर लाट उशिरा, बरीच उभी झाल्यावर मिळते आणि उठून उभे राहायला वेळ कमी उरतो. खांदे आणि पाठ पोहून तयार असतील, तर हा फरक पुष्कळ कमी जाणवतो. त्या तयारीला समुद्र लागत नाही, गावातला जलतरण तलाव पुरतो.

लहान बोर्ड फक्त निष्णातांसाठी, ही समजूत टीव्हीवरच्या स्पर्धा पाहून झालेली दिसते. तिथला टोकदार, पातळ, जास्त वाकाचा शॉर्टबोर्ड हा लहान बोर्डांचा एकच प्रकार आहे, आणि प्रवासासाठी लाँगबोर्डाच्या जागी तो घेणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. अरुंद शेपटी आणि पुढून-मागून उचललेला तळ यांमुळे तो ताकदवान लाटेत वळतो छान, पण मऊ लाटेत जागीच अडकतो. लाँगबोर्डाचा खरा पर्याय दोन कुळांत सापडतो. पहिले ‘फिश’चे: साडेपाच ते सहा फूट लांब, रुंद, तळ बराच सपाट, शेपटी माशासारखी दुभंगलेली. स्टीव्ह लिस याने १९६७ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोत हा आकार घडवला, तो मुळात गुडघ्यांवर बसून लाट घेण्यासाठी. दुसरे कूळ साडेसहा ते आठ फुटांच्या मिड-लेंग्थ बोर्डांचे. त्यातलाच अंड्यासारख्या गोल आकाराचा ‘एग’ फार उपयोगी.

त्यामुळे ‘छोट्या लाटेला लांबच बोर्ड हवा’ हेही सरसकट खरे नाही. ऑक्टोबर ते मे या काळात कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर लाटा बहुधा लहान आणि मऊ असतात. अशा लाटेत रुंदी आणि सपाट तळ वेग देतात, आणि फिशमध्ये हे दोन्ही असते. फिशने न मिळणारी गोष्ट एकच: बोर्डावर पावले टाकत नाकापर्यंत चालत जाणे. ज्याला त्यासाठीच समुद्रावर जायचे आहे, त्याने लाँगबोर्डच घ्यावा. त्याला पर्याय नाही. पावसाळ्यातली गोष्ट वेगळी. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो आणि त्या दिवसांत कोणताही बोर्ड नवख्याच्या कामाचा नाही.

लाँगबोर्ड हेच सर्फिंगचे मूळ रूप, असेही मानले जाते. प्राचीन हवाईत मात्र प्रमुखांच्या लांबलचक ‘ओलो’बरोबरच त्याहून आखूड ‘अलाया’ आणि पोटावर झोपून वापरायचा छोटा ‘पायपो’ही होता. विसाव्या शतकात लांब बोर्डांचे राज्य होते खरे, पण १९६७-६८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बॉब मॅकटॅव्हिश, नॅट यंग आणि त्यांचा अमेरिकन साथी जॉर्ज ग्रीनो यांच्या प्रयोगांनी बोर्डांची लांबी काही महिन्यांत फुटाफुटाने उतरवली.

आता रेल्वे. सहा फुटी बोर्ड बर्थखाली सरकवला की झाले, असे समजणाऱ्यांनी नियम वाचावा. डब्यात सोबत नेता येणाऱ्या पेटीची कमाल मापे १०० × ६० × २५ सेंटिमीटर आहेत आणि थ्री टायर एसीत त्याहून लहान. याहून मोठे सामान ब्रेक व्हॅनमध्ये बुक करायचे असते. साडेपाच फुटी फिशही १६८ सेंटिमीटरचा, म्हणजे नियमाने तोही पार्सल ऑफिसातूनच जायला हवा. स्लीपरमध्ये फुकट ४० किलो चालतात, पण बोर्डाचे वजन कधीच अडत नाही, अडते ती लांबी. तरीही लहान बोर्डाचा फायदा मोठा आहे: गाडी बदलताना तो एकट्याने जिन्यावरून नेता येतो आणि पुढे रिक्षात आडवा-तिरपा बसतो. नागपूरहून विमानाने जाताना बोर्ड क्रीडासाहित्य म्हणून आधी नोंदवावा लागतो. लांबीची मर्यादा कंपनीगणिक वेगळी असते.

प्रवासासाठी लांबीइतकेच महत्त्व फिनना, म्हणजे बोर्डाच्या तळाला मागे लावलेल्या पात्यांना आहे. कायम चिकटवलेल्या फिन सामानाच्या डब्यात पहिल्याच धक्क्याला तुटतात. किल्लीने काढता येणाऱ्या फिन घ्याव्यात. बोर्ड सपाट होतो आणि पिशवीत कपड्यांच्या घड्या घालून नाक, शेपटी आणि कडा झाकता येतात. हवा भरायचे बोर्ड सर्वांत सुटसुटीत असले, तरी त्यांच्या जाड, गोल कडा लाटेत नीट धरत नाहीत. ते संथ पाण्यासाठी ठीक.

लहान बोर्ड अधिक सुरक्षित, हाही गैरसमजच. टोकदार नाक आणि धारदार फिन लहान बोर्डालाही असतात. बोर्ड पायाला बांधणारी दोरी, म्हणजे लीश, साधारण बोर्डाच्या लांबीइतकी असावी. फार आखूड असेल तर बोर्ड उसळून डोक्यावर येतो.

नवशिक्याने बोर्ड विकत घेण्याची घाई करू नये. किनाऱ्यावरच्या सर्फिंग शाळा आठ-नऊ फुटी फोमचे बोर्ड भाड्याने देतात आणि वर्षातून एकदोनदाच जाणाऱ्याला तेच परवडते. फुटलेल्या लाटांच्या फेसातून बाहेर येऊन न फुटलेली लाट स्वतःच्या बळावर पकडता यायला लागली, की मग सात फुटांच्या आसपासचा भरपूर लिटरचा बोर्ड घ्यावा. फिश त्याच्याही पुढची पायरी.

घरी आणलेल्या बोर्डाला वर्ध्यात खरा धोका उन्हाचा. मे महिन्यात इथले तापमान ४५ अंशांपर्यंत जाते. बंद गाडी आणि पत्र्याचे छप्पर त्याहून तापते. उष्णतेने आतली हवा प्रसरण पावते, फोम आणि वरचा थर सुटतो आणि बोर्डावर फोड येतात. ईपीएस फोम आणि इपॉक्सीचे बोर्ड हलके आणि टणक म्हणून प्रवासाला चांगले, पण उष्णता त्यांना जास्त बाधते. ज्यांना हवा जाण्याचा स्क्रू असतो, त्यांचा स्क्रू प्रवासाआधी सैल करावा आणि पाण्यात उतरण्याआधी आठवणीने घट्ट. उन्हाळाभर बोर्ड घरातल्या थंड खोलीत, पाय घसरू नये म्हणून लावलेले वॅक्स खरवडून काढून, भिंतीला नुसता न टेकवता आडवा ठेवावा. तडा गेलेला असेल तर तो आधी पूर्ण वाळू द्यावा. ओल आत ठेवून रेझिन भरले, तर फोम आतून पाणी धरून बसतो आणि बोर्ड जड होतो.