घाटातले वळण आणि ‘आपली लेन’

आंबोली किंवा ताम्हिणी घाटात मोटरसायकल चालवताना अनेकांचा समज असतो, की चाके मधल्या पट्ट्याच्या डावीकडे असली म्हणजे आपण आपल्या लेनमध्ये (रस्त्याच्या आपल्या बाजूच्या भागात) आहोत. हे अर्धेच खरे आहे. वळणावर गाडी आतल्या बाजूला झुकते. उजव्या वळणावर चाके पट्ट्यालगत असली, तर चालकाचे डोके आणि खांदा पट्ट्याच्या पलीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या बसच्या वाटेत जातात. पावसात बोळातून छत्री तिरकी धरून चालणाऱ्याचे पाय आपल्या बाजूलाच असतात, पण छत्रीचे टोक समोरच्याच्या तोंडाशी जाते, तसेच हे.

म्हणून लेन मोजायची ती चाकांपासून नव्हे, झुकलेल्या शरीरासह. उजव्या वळणावर लेनच्या डाव्या भागात राहावे, मात्र कडेची खडी टाळावी. डाव्या वळणावर धोका उलटा असतो: वेग जास्त झाला, तर गाडी बाहेर, पट्ट्याकडे ओढली जाते. त्यामुळे वेग वळणात शिरण्यापूर्वी, गाडी सरळ असतानाच कमी करावा.

वेग किती असावा, हे दृष्टिअंतर (पुढचा जेवढा रस्ता दिसतो तेवढे अंतर) ठरवते. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर सुमारे चौपट होते. दिसणाऱ्या रस्त्यातच थांबता येईल, एवढाच वेग ठेवा.